वासराचा पहिला घोट
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. मी गोठ्यातल्या तोट्याचं बोलतो. गाय व्याली, वासरू उभं राहिलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरट-पिवळी हगवण लागली. संध्याकाळपर्यंत डोळे खोल जातात. आपण म्हणतो, नजर लागली. कोरडवाहूवाल्याच्या घरी त्या दिवशी तीन वर्षांनी जुवाखाली येणारा बैल मेलेला असतो.

सगळीच हगवण एका जंतूची नसते. पण पहिल्या तीन-चार दिवसांतली पुष्कळदा ई. कोलाय या जंतूची असते. त्याच्या अंगावर प्रथिनांचे बारीक केस असतात, त्यांना के-९९ म्हणतात. वासराच्या आतड्याच्या अस्तरावर साखरेच्या साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे, पेशीवरच उगवलेली. त्यातली एक ठरावीक साखर हे केस ओळखतात आणि धरतात. आघाड्याचं बी धोतराला चिकटतं तसंच; पण आघाडा कुठल्याही कापडाला चिकटतो, हा निवडून चिकटतो. ज्या जंतूला धरता येत नाही तो शेणाबरोबर वाहून जातो. धरून बसलेला वाढतो, विष सोडतो, आणि ते विष अंगातलं पाणी आतड्यात ओढतं. वासरू मरतं ते पाणी आटून. म्हणून हगवण लागली की डॉक्टर येईपर्यंत मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजत राहायचं. वासरू वाढतं तशी आतड्यावरची ती साखर कमी होते आणि जंतूची पकड सुटते.

म्हणजे सांभाळायचे दिवस थोडेच. पण त्याच दिवसांत आपण काय करतो? वार पडेपर्यंत वासराला थानाला लावत नाही! गाईच्या पोटात असताना वासराला आईची रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि ती रक्तात शोषण्याची आतड्याची ताकद एका दिवसात संपते. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत गाईला के-९९ ची लस टोचली, तर चिकात नेमकी त्या केसांवरची द्रव्यं उतरतात. ती केसांना झाकतात, मग जंतूला साखर धरता येत नाही. अशी लस निघालेली आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ती का नाही, हे विचारायला आपण सगळे मिळून जाऊ.

लस मिळो न मिळो, चीक घरचाच आहे. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात दोन लिटर, आणि पहिला घोट दोन तासांच्या आत. उरेल त्याचा खरवस खुशाल करा.