सार्थकाचे माप



'जीवनाचा अर्थ काय?' हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ज्या रूपात विचारला जातो, त्या रूपात तो बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला विचारला तर तो बहुधा विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. परंतु त्याच शेतकऱ्याचा वृद्ध बाप पंढरीची वारी करून परततो, किंवा नात शिकून नोकरीला लागलेली पाहतो आणि 'जन्माचे सार्थक झाले' असे म्हणतो, तेव्हा त्या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर त्याने देऊन टाकलेले असते. मराठी भाषेने या प्रश्नासाठी 'सार्थक' हा शब्द राखून ठेवला आहे. अर्थ शोधावा लागतो. सार्थक करावे लागते.

पुरोगामी वर्तुळांत या प्रश्नाकडे काहीशा संशयाने पाहण्याची रीत आहे. पोट भरलेल्यांची ही करमणूक आहे, भुकेल्याला असे प्रश्न पडत नाहीत, असे म्हटले जाते. हे म्हणणे सहानुभूतीचे वाटले तरी त्यात गरिबाचा मोठा अवमान दडलेला आहे. प्रत्येक माणूस, तो तृप्त असो वा भुकेला, आपल्या जगण्याला काही ना काही माप लावीतच असतो. भेद आहे तो इतकाच की, काहींना आपले माप स्वतः निवडता येते आणि काहींच्या जगण्याला दुसऱ्याचे माप लावले जाते. या दोन तालुक्यांच्या इतिहासात हा भेद जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

'माप' हा शब्द इंदापूरला परका नाही. मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची आणि प्रतबंदीची जी पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, तिचा पहिला प्रयोग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केला. त्यापूर्वीच्या प्रिंगलच्या आकारणीने रयत मेटाकुटीस आली होती आणि शेते ओस पडली होती. नव्या पद्धतीत मातीचा रंग व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडण्यात आल्या, सोळा आण्यांपासून खाली त्यांची किंमत ठरली आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून देण्यात आला. जुन्या जुलमाच्या तुलनेने ही सुधारणाच होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या कागदावर कुणबी होता तो सारा भरणारा खातेदार म्हणून. त्याच्या हयातीची किंमत सरकारच्या लेखी त्याच्या शेताच्या आणेवारीइतकीच होती.

मुदत संपल्यावर सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचे भाव कोसळले, आणि रयत सावकाराच्या खातेवहीत अधिकच गुंतली. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी उद्रेक झाला. तेथे लूट आणि जाळपोळही झाली. परंतु दंगा ज्या ज्या गावी पसरला, तेथे जमावाचा मुख्य रोख कर्जरोखे आणि खातेवह्या हस्तगत करून त्या जाळण्यावर होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या घटनेची नोंद कर्जबाजारीपणाच्या प्रकरणात होते, आणि ती योग्यच आहे. तरीही कर्जरोखा म्हणजे काय याचा विचार केला पाहिजे. माणसाच्या पुढील वर्षांवर दुसऱ्याने लिहून घेतलेला तो हक्क असतो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले तेव्हा 'आमची येणारी वर्षे आमची राहू द्या' असेच त्यांचे मागणे होते. सार्थकाच्या प्रश्नाची ही पहिली अट आहे. ज्याचे उद्याचे दिवस गहाण पडले आहेत, त्याने आयुष्याचे काय करावे हे कोणत्या तोंडाने ठरवावे?

आता या भूमीत लोकांनी आपल्या जगण्याला जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांकडे वळू. पहिले उत्तर कऱ्हेकाठच्या पंडिताचे. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेल्या मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा काळ बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने काढला आणि १७९४ साली तेथेच देह ठेवला. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्यावृत्तात आणले. एकशे आठ रामायणे रचल्याची त्यांची ख्याती आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघाकडे पाहून ओरडणाऱ्या मोराप्रमाणे आपण ईश्वराची करुणा भाकतो आहोत, या कल्पनेवरून त्यांच्या 'केकावली'ला नाव मिळाले. अवर्षणाच्या या मुलखात ही प्रतिमा किती जिवंत वाटली असेल! हाती असलेली एक विद्या घ्यावी, ती जन्मभर घासावी आणि तिलाच उपासना मानावे, हे त्यांचे उत्तर. त्यात थोरवी आहे. मात्र या उत्तराला लागणारी फुरसत आणि अक्षरज्ञान त्या काळी जन्माने ठरत असे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दुसरे उत्तर दरवर्षी पायी चालत येते. तुकोबांच्या पुत्राने, नारायण महाराजांनी, १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. आषाढी वारीत ही पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मार्ग काढीत सराटीपाशी नीरा ओलांडते. काटेवाडीत परीट समाजाची माणसे पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ आपल्या मेंढरांचे रिंगण पालखीभोवती धाववतात. या दृश्याकडे केवळ कौतुकाने पाहून भागणार नाही. ज्याच्यापाशी ग्रंथ नाही, त्याने आपला रोजचा व्यवसायच देवापुढे आणून ठेवला, असा त्याचा अर्थ आहे. वारकऱ्याने संसार सोडला नाही. वर्षातले काही दिवस त्याने संसाराला बाजूस उभे राहायला लावले. प्रपंचात राहून परमार्थ, हे महाराष्ट्राच्या सामान्य माणसाचे सर्वांत टिकाऊ उत्तर ठरले आहे.

परंतु ज्या रस्त्यावर सारे 'माउली' होतात, त्याच रस्त्यावर जेवणाच्या पंगती जातवार वेगळ्या बसत होत्या, ही नोंद इरावती कर्व्यांनी आपल्या वारीवरील लेखात वेदनेने केली आहे. चालणे एकत्र आणि चूल वेगळी! पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. एखादे उत्तर कितीही उदात्त असो, त्याच्या दाराशी कोणाला थांबवले जाते हे पाहिल्यावाचून त्याची पारख होत नाही.

ज्यांना दाराशी थांबवले गेले, त्यांनी तिसरे उत्तर दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि गावोगावच्या महारवाड्यांनी गावकीची कामे व मृत जनावरे ओढण्याचे काम नाकारले. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे हा जन्म असा आला, हे स्पष्टीकरण या माणसांनी एका दिवसात फेकून दिले. १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतनेही रद्द झाली. जमिनीचा तुकडा मिळण्याआधी, पोटाची सोय लागण्याआधी या समाजाने स्वाभिमानाला अग्रक्रम दिला. गरिबाला अर्थाचा प्रश्न पडत नाही असे मानणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते?

चौथे उत्तर कालव्याने आणले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. अवर्षणात ज्वारी-बाजरी वाचवावी हा त्याचा मूळ हेतू. प्रत्यक्षात त्याने ऊस वाढवला. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. सावकाराच्या ओट्यावर ताटकळणारा शेतकरी कारखान्याचा सभासद म्हणून ताठ मानेने सभेत बोलू लागला. मुले शाळेत गेली. १९६२ साली बारामतीत महाविद्यालय निघाले. वालचंदनगरच्या यंत्रशाळेत साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या हातांनी पुढे अवकाशात झेपावणाऱ्या अग्निबाणांचे भाग घडवले. 'पुढच्या पिढीला आपल्यासारखे दिवस येऊ नयेत', हे या साऱ्या कष्टांमागचे सूत्र होते. त्याला कोणी चंगळवाद म्हणेल तर तो अन्याय होईल.

तथापि याच उत्तराच्या पोटी एक नवे माप जन्मास आले. दर एकरी किती टन, हा पिकाविषयीचा प्रश्न हळूहळू माणसाविषयीचा प्रश्न बनला. पाणी अमर्याद दिल्याने कालव्याखालच्या कित्येक जमिनी चोपण झाल्या. त्याच बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यात, सुपे-मोरगावच्या बाजूस, अवर्षणाच्या वर्षी पिण्याच्या पाण्याचीही वाट पाहावी लागते. एका गावाचे सार्थक दुसऱ्या गावाच्या तहानेवर उभे असेल, तर तो केवळ सिंचनाचा प्रश्न राहत नाही, नीतीचाही होतो.

भीमेवरील उजनी धरणाची कथा अशीच. १९८० साली ते पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पुन्हा दिसू लागते. धरणाने सोलापूर जिल्ह्याला पाणी दिले, काठावरच्या कित्येकांनाही पुढे बागाईत दिली. पण उठवल्या गेलेल्या कुटुंबाच्या हानीचा हिशेब जमीन आणि घर यांच्या मोबदल्यात मांडला गेला. आजा ज्या पारावर बसला, आई ज्या ओढ्यावर गेली, ती जागा माणसाच्या जगण्याला जो संदर्भ देते, त्यासाठी मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

आणि आता शेवटचे उदाहरण. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवराबायकोने फडात राबायचे. या जोडप्याला व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे, त्यांची नावे, त्यांची सुखदुःखे, आणि मोजदाद हत्याराच्या नावाने! काम बुडाले तर खाडा धरला जातो. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागची कारणे अनेक आहेत. पण रजेचा दिवस परवडत नाही असे जगणे हे त्यांतील एक आहे. सुप्यात जळालेला कर्जरोखा उचलीच्या रूपाने परत आला आहे, आणि तो आता शरीरावर लिहिला जात आहे.

१८८० च्या सुमारास टॉल्स्टॉयसारख्या थोर लेखकाला कीर्ती, जमीनजुमला आणि भरले घर असूनही 'हे सारे कशासाठी?' या प्रश्नाने आत्महत्येच्या कडेपर्यंत नेले. अखेरीस रशियातील साध्या शेतकऱ्यांच्या श्रद्धेत त्याला आधार सापडला. ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते, आणि तिच्यातून 'गरीबच खरे सुखी' असा सोयीस्कर बोध काढला जातो. फडाच्या कडेला कोपीत झोपणाऱ्या स्त्रीजवळ श्रद्धा असेल, चिवटपणाही असेल. त्यामुळे तिची उचल योग्य ठरत नाही. तिचे मनोबल हे तिचे कर्तृत्व आहे, आपल्या व्यवस्थेचे समर्थन नव्हे.

त्याचबरोबर समाजवादी विचाराच्या माणसांनीही एक कबुली दिली पाहिजे. भाकरीचा प्रश्न सुटला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतील, असे चळवळीने फार काळ मानले. कालव्याखालच्या सुखवस्तू गावांनी ते खोटे ठरवले. तेथे भाकर आहे, पण हातात पदवी घेऊन 'पुढे काय?' असे विचारणारा तरुणही आहे. भाकर म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर शोधायला लागणारी मोकळीक भाकरीने मिळते. माणसाला जे जगणे मोलाचे वाटते ते प्रत्यक्ष जगण्याचे सामर्थ्य वाढणे म्हणजे विकास, असे अमर्त्य सेन म्हणतात त्याचे मर्म हेच आहे.

म्हणून सार्थक कशात आहे हे शासनाने सांगू नये, पक्षाने सांगू नये, कारखान्यानेही सांगू नये. कोणी मोरोपंतांप्रमाणे शब्दांत रमेल, कोणी वारीला जाईल, कोणी बुद्धविहारात बसेल, कोणी देवच मानणार नाही आणि यंत्रावर मन लावून काम करील. या उत्तरांची सरमिसळ होऊ द्यावी, भांडणही होऊ द्यावे. समाजाचे काम वेगळे आहे: एकाचे माप दुसऱ्याच्या गळ्यात पडू नये याची दक्षता घेणे. तोडणी कामगाराच्या मुलाला हंगामातही शाळा मिळणे, त्याच्या आईला पगारी विश्रांतीचा दिवस मिळणे, उचलीऐवजी वेळेवर रास्त मजुरी मिळणे आणि जिराईत गावाला आधी पिण्याचे पाणी मिळणे, या मागण्या वरवर पाहता जीवनाच्या अर्थाशी संबंध नसलेल्या वाटतील. वस्तुतः त्या प्रश्नाची सुरुवात तेथूनच होते. 'कोयता' म्हणून मोजल्या गेलेल्या दोन माणसांची नोंद कारखान्याच्या वहीत त्यांच्या नावांनी होईल, त्या दिवशी जन्माचे सार्थक कशात आहे हे त्यांना विचारण्याचा अधिकार आपल्याला येईल. आणि त्यांचे उत्तर आपल्याहून वेगळे निघाले, तर ते ऐकून घेण्याची तयारीही आपण ठेवली पाहिजे.