मेमरीला व्होल्टेज किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उन्हाळ्यात पंखा रेंगाळला, ट्यूब फडफडली की नांदेड असो वा लातूर, घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘व्होल्टेज कमी आहे.’ त्यामुळं व्होल्टेज जास्त म्हणजे चांगलं, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. माझ्याही मनात होतं.

अम्मीच्या तोंडची चक्कीवरची गाणी मी कॉम्प्युटरवर उतरवत होतो. मशीन हळू चालतं म्हणून दुकानात मेमरीची आणखी एक पट्टी बसवून घेतली. तेव्हापासून मध्येच निळा पडदा यायचा. एक दिवस गाण्यांची फाईलच उघडेना. मी स्टॅबिलायझर आणला. काही फरक पडला नाही.

लातूरला माझा भाचा कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “मामू, स्टॅबिलायझर भिंतीतले 230 व्होल्ट सांभाळतो. मेमरीचा दाब मदरबोर्ड ठरवतो. पट्टीवरचं लेबल वाचा.”

मशीन बंद केलं, प्लग काढला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि पट्टी काढली. लेबलवर डीडीआर4, 1.2 व्होल्ट असं होतं. प्रत्येक पिढीचा दाब ठरलेला असतो. डीडीआर2 ला 1.8, डीडीआर3 ला 1.5, डीडीआर4 ला 1.2 आणि डीडीआर5 ला 1.1. पिढी नवी, तसा दाब कमी. काही वेगवान डीडीआर4 पट्ट्यांवर 1.35 लिहिलेलं असतं. तो त्यांच्या जादा वेगासाठीचा दाब.

पट्टी पुन्हा बसवून मशीन सुरू केलं आणि लगेच डिलीटचं बटण दाबत राहिलो. काही मशीनवर एफ2 दाबावं लागतं. बायोसचा पडदा आला. तिथं ‘डीरॅम व्होल्टेज’समोर आकडा होता 1.5! वेग वाढवण्यासाठी कुणीतरी तो चढवून ठेवला होता. एवढ्या दाबानं पट्टी तापते, चुका करते. प्रोसेसरलाही धोका असतो. भाच्यानं मेमरीचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही ‘ऑटो’वर ठेवायला सांगितलं. बाकी कशाला हात लावायचा नाही, अशी ताकीदही दिली. एफ10 दाबून बदल जतन केला. मग विंडोजमधली मेमरी तपासणी चालवली. एकही चूक निघाली नाही. निघाली असती, तर एकेक पट्टी वेगळी लावून खराब पट्टी शोधायची होती.

मशीन आता नीट चालतं. फाईल मात्र परत आली नाही. वहीतली गाणी मी पुन्हा टाइप केली. दोन गाणी वहीत नव्हती, अम्मीनं सांगता सांगता थेट कॉम्प्युटरवर घेतली होती. अम्मी आता नाही.

तेव्हा श्रोतेहो, दुकानातून मशीन घरी आणलं की पट्टीवरचा आकडा आणि बायोसमधला आकडा एकदा ताडून पाहा. आणि त्याआधी, जे लिहिलंय त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.