सुकणारं काम आधी



गोव्यात तेरेखोलला जाताना केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहावी लागते.
तेवढ्या वेळात आजूबाजूचे बोर्ड वाचलेत कधी?

असे बोर्ड बनवणारं दुकान छोटं असतं.
माणसं दोन-तीनच.
चतुर्थी जवळ आली, की कामं एकदम येतात.
मंडळाला फ्लेक्स हवा.
हॉटेलला रंगवलेला बोर्ड हवा.
आणि सगळ्यांना उद्याच!

मग आधी काय घ्यायचं?
ज्याला सुकायला वेळ लागतो, ते काम आधी.

ऑइलपेंटचा पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही.
पावसाळी दमट हवेत तो आणखी रेंगाळतो.
लोखंडी चौकटीला रेड ऑक्साइड लावलं, तरी थांबावंच लागतं.
इथल्या खाऱ्या वाऱ्यात रेड ऑक्साइड टाळून चालत नाही.
रंग सुकतोय, तोवर फ्लेक्स छापून घ्या.

भिंतीवर एक फळा टांगा.
गिऱ्हाईक कोण, मजकूर तपासला का, बोर्ड कधी बसवायचा, एवढंच लिहा.
मजकूर तपासलेला नसेल, तर काम सुरूच करू नका.
एक वेलांटी चुकली, की बोर्ड पुन्हा.
आणि दोष रंगाऱ्याला!

पुन्हा सांगते.
ज्याला सुकायला वेळ लागतो, ते काम आधी.

बोर्ड तेरेखोलात लावायचा असेल, तर फेरीची वेळही फळ्यावर लिहा.
नदीपलीकडची दोन कामं असतील, तर एकाच खेपेत न्या.