फुफ्फुसातली छोटी गुठळी : औषध द्यायचं की वाट पाहायची?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला हृदयविकारावर बोलायला सांगितलं होतं. पण त्यावर आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर इतकं वाचलंय की मी नवीन काय सांगणार? म्हणून विषय बदलून घेतला. अलीकडे लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये गाठून लोक मला एक रिपोर्ट दाखवतात. फुफ्फुसाच्या एका बारीक धमनीत रक्ताची गुठळी दिसते, असं त्यात लिहिलेलं असतं आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. आज त्याबद्दल बोलतो.

ही गुठळी बहुतेक वेळा फुफ्फुसात तयार होत नाही. ती पायाच्या खोल शिरांमध्ये होते, तिथून सुटते आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसात जाऊन अडकते. कुठे अडकते, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आपल्या टेरेसवरच्या टाकीतून मोठा पाइप निघतो, त्याचे विंगला फाटे, मग मजल्याला, आणि शेवटी बेसिनच्या नळापर्यंत बारीक पाइप. मुख्य पाइप तुंबला तर अख्खी बिल्डिंग कोरडी. फुफ्फुसातही तसंच. मुख्य धमनी अडली तर माणूस काही मिनिटांतही जाऊ शकतो. मी बोलतोय ते बेसिनच्या पाइपबद्दल, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या फांदीबद्दल.

मग औषध का द्यायचं? त्याचा पाया १९६० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात घातला गेला. तिथल्या डॉक्टरांनी फुफ्फुसात गुठळी झालेल्या ३५ रुग्णांवर प्रयोग केला. औषध न दिलेल्या १९ पैकी ५ जण गुठळीने दगावले. औषध दिलेल्या १६ जणांत गुठळीने एकही नाही. तेव्हापासून गुठळी म्हटली की औषध, हा नियमच झाला. पण त्या काळी निदान रुग्णाच्या लक्षणांवरून व्हायचं. म्हणजे गुठळ्या मोठ्या आणि माणसं चांगलीच आजारी.

१९९८च्या सुमारास नव्या पद्धतीचं सीटी स्कॅन आलं आणि पूर्वी कधी दिसल्या नसत्या अशा बारीक गुठळ्या दिसू लागल्या. अमेरिकेत १९९८ ते २००६ या काळात दर लाख प्रौढांमागे या आजाराचं निदान ६२ वरून ११२ वर गेलं. मृत्यू मात्र लाखामागे १२च्या आसपासच राहिले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. निदान दुपटीच्या जवळ गेलं, पण त्या प्रमाणात जीव वाचले नाहीत. उलट औषधामुळे होणारे रक्तस्राव वाढले.

आपण ज्याला 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतो ती रक्त पातळ करत नाही, गुठळीही विरघळवत नाही. ती फक्त नवी गुठळी होऊ देत नाही. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. पण मग कापलं, पडलं, पोटात अल्सर असला तर रक्त थांबायला वेळ लागतो. मेंदूत झालं तर ते गुठळीपेक्षा भयंकर.

म्हणून रिपोर्ट हातात आला की मी पहिल्यांदा एकच करतो. छातीचे स्कॅन रोज पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टला फिल्म पुन्हा दाखवतो. रुग्णाने स्कॅनच्या वेळी श्वास नीट धरला नाही तरी खोटी गुठळी दिसू शकते. त्यानंतर दोन्ही पायांचं डॉप्लर. पायात गुठळी असेल तर वादच संपला, औषध द्यायचंच. छातीविकारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१६ आणि २०२१ साली जे सांगितलं त्याचा सारांश असा : गुठळी बारीक, पाय स्वच्छ, आणि पुन्हा होण्याचा धोका कमी, तर औषध न देता लक्ष ठेवलं तरी चालेल. धोका जास्त असेल तर औषध.

एक तिशीतला मुलगा आला होता. ताप येऊन गेला, छातीत चमक, डी-डायमर वाढलेलं. (डी-डायमर तापात, बाळंतपणात, ऑपरेशननंतर आणि नुसत्या वयानेही वाढतं. कुणीही आपल्या मनाने ही तपासणी करून घेऊ नका, फुकट घाबराल.) स्कॅनमध्ये एक बारीक ठिपका. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला तो गुठळीसारखा वाटलाच नाही. पाय स्वच्छ, आठवड्याने पुन्हा डॉप्लर, तेही स्वच्छ. गोळी दिली नाही. त्याच महिन्यात एका बाईंचा अगदी तसाच रिपोर्ट आला, पण त्यांची कॅन्सरची केमो चालू होती. त्यांना काहीच त्रास नव्हता, तरी औषध सुरू केलं. मुलगा चिडला, "आईला धापसुद्धा लागत नाही, मग हे कशाला?" कारण कॅन्सरमध्ये रक्त गोठण्याची प्रवृत्तीच वाढते.

या दोन्ही केसेस सोप्या. अवघड होते ते एक ७६ वर्षांचे काका. दोन बारीक गुठळ्या, पाय स्वच्छ, कॅन्सर नाही. पण वर्षापूर्वी अल्सरमधून रक्तस्राव होऊन रक्त चढवावं लागलेलं. धाकटा म्हणे औषध नको, परदेशातली मुलगी फोनवर म्हणे द्याच. त्यांना मी २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास समजावून सांगितला. त्यात अशा २६६ रुग्णांना मुद्दाम औषध दिलं नव्हतं. तीन महिन्यांत शंभरातल्या साधारण तिघांना पुन्हा गुठळी झाली. गुठळीने मृत्यू एकही नाही. पण गुठळ्या एकाहून जास्त असतील किंवा वय ६५च्या पुढे असेल, तर शंभरात पाच-सहा. काकांच्या बाबतीत दोन्ही लागू.

काका स्वतः गप्प होते. मी विचारलं, सध्या काय काय घेता? तेव्हा काकूंनी पिशवीच उलटी केली. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, रोज दोन! अल्सरच्या माणसाला हे विषच. त्या बंद केल्या, हिमोग्लोबिन पाहिलं, दुर्बिणीने पोट पाहिलं, अल्सर भरला होता. मग काका म्हणाले, "तीन महिनेच ना? द्या." पित्ताच्या गोळीसोबत औषध सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी शौचाचा रंग विचारायचा आणि रक्त तपासायचं ठरलं. तीन महिन्यांनी बंद केलं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला तो मात्र कायमचा.

शेवटी बी विंगच्या आजींनी चिठ्ठीवर विचारलंय, "माझी इकोस्प्रिन चालू आहे, मला गुठळी होणार नाही ना?" आजी, इकोस्प्रिन मुख्यतः हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांसाठी. पायाच्या शिरेतल्या गुठळीला तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ती बंद करू नका, आणि तिच्या जोडीला दुसरी गोळी स्वतःहून घेऊही नका. तुम्ही डिसेंबरमध्ये मुलाकडे अमेरिकेला निघालात म्हणे. विमानात दर तास-दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा. आणि उतरल्यावर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका. सुनेला सांगा, सरळ दवाखान्यात.