महामारी, भीती आणि मुलांचे आरोग्य

(आरोग्यविषयक अभ्यासवर्गातील भाषण)



कोविडच्या साथीत किती माणसे दगावली याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु विषाणूची बाधा न होताही ज्या मुलांचे आरोग्य त्या साथीने हिरावून घेतले, त्यांची चर्चा फारशी झाली नाही. मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य असे. तरीही त्याच्या धास्तीपायी गोवराची लस चुकली, जुलाबाने सुकत चाललेली लेकरे घरीच राहिली, थॅलॅसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी लागणारे रक्त लांबणीवर पडले. लहान धोक्याच्या भयाने मोठा धोका ओढवला.

हे आईबापांचे अज्ञान, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो खरा नाही. भीतीलाही भौतिक आधार असतो. तो राजधानीतच पाहावा. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली. त्याच सुमारास अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा बाह्यरुग्ण विभाग बंद झाला. गोरगरिबांचा आधार असलेले लोकनायक रुग्णालय केवळ कोविडसाठी राखले गेले. मेट्रो ७ सप्टेंबरपर्यंत बंद होती. बाधितांच्या दारावर फलक लागत होते. ७ जून रोजी दिल्ली सरकारने आपली रुग्णालये दिल्लीच्या रहिवाशांपुरती राखल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी तो निर्णय फिरवला. नोएडात किंवा गाझियाबादेत राहून दिल्लीत राबणाऱ्या मजुराने यातून काय बोध घ्यावा? त्याच आठवड्यात नोएडा परिसरात आठ महिन्यांची एक गर्भवती स्त्री १३ तासांत आठ रुग्णालयांची दारे ठोठावून रुग्णवाहिकेतच मरण पावली. वस्तीवस्तीत पसरलेले भय हे अशा अनुभवांचे फळ होते.

परिणाम आकड्यांतही दिसतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार भारतात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीची तिसरी मात्रा मिळालेल्या बालकांचे प्रमाण २०१९ मधील ९१ टक्क्यांवरून २०२० मध्ये ८५ टक्क्यांवर घसरले. त्या वर्षी जगभरात २.३ कोटी मुले नित्याच्या लसींना मुकली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीसारख्या श्रमिक वस्त्यांत, गोवराने मुलांचे बळी घेतले, तेव्हा चुकलेल्या मात्रांची किंमत कोणता वर्ग मोजतो हे उघड झाले.

ही भीती दूर करू शकत होत्या त्या दारोदार जाणाऱ्या आशा कर्मचारी. त्यांना कोविडच्या कामासाठी महिन्याला १,००० रुपये मिळत. ऑगस्ट २०२० मध्ये जंतरमंतरवर न्याय्य मागण्या मांडणाऱ्या या भगिनींवरच दिल्लीत गुन्हे नोंदवले गेले!

तेव्हा कर्तव्ये स्पष्ट आहेत. साथ कोणतीही असो, बालरुग्णांचे तातडीचे उपचार व लसीकरण क्षणभरही बंद पडता कामा नये. आशा-अंगणवाडी कर्मचाऱ्यांना कायम नोकरी व किमान वेतन मिळाले पाहिजे. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के सार्वजनिक आरोग्यखर्चाचे, २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत दिलेले वचन सरकारने पाळले नाही, त्याचा जाब विचारला पाहिजे. आणि प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील मुलांची लसीकरण-पत्रके तपासून राहिलेल्या मात्रा पूर्ण करून घेतल्या पाहिजेत. भीतीवर उपदेशाची मात्रा चालत नाही. उघडे रुग्णालय आणि ओळखीचा, विश्वासाचा कार्यकर्ता, हाच तिच्यावरचा उतारा आहे.