उभा डोळा

शाळेत असताना अब्बांचे अर्ज मी लिहून देत असे. ते कचेरीत शिपाई होते. सहीच्या वर ‘आपला आज्ञाधारक सेवक’ आलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ‘छन’ या चिनी अक्षराची माहिती वाचताना मला ते अर्ज आठवले.

‘छन’ म्हणजे राजदरबारातला अधिकारी, मंत्री. पण मूळ चित्र आहे एका डोळ्याचं. आनयांगजवळ सापडलेल्या शांग काळातल्या हाडांवर आणि कासवाच्या पाठींवर कोरलेली अक्षरं १८९९ पासून अभ्यासकांच्या नजरेत आली. तिथे साधा डोळा आडवा, ‘छन’मधला मात्र उभा! कवी आणि संशोधक गुओ मोरुओ यांचं म्हणणं, मान खाली घातली की बाजूनं पाहणाऱ्याला डोळा उभा दिसतो. सगळ्यांनाच हे पटलेलं नाही. मात्र जुना अर्थ गुलाम, चाकर असाही होता, याला पुरावा आहे. चौ राजवटीतल्या काशाच्या भांड्यांवर राजानं इनाम दिलेल्या ‘छन’ची मोजणी कुटुंबांवर केलेली आहे, जशी आपण गुरं मोजावीत. इ.स. १०० च्या सुमारास कोशकार शू शन यांनीही या अक्षरात शरणागतीच पाहिली. त्यांनी तर ती हाडं पाहिलीही नव्हती.

पुढे या चाकराचा मंत्री झाला. छिंग दरबारात तर उलटीच गंमत. मांचू अधिकारी बादशहापुढे स्वतःला ‘नूत्साय’, म्हणजे गुलाम म्हणवत. हान अधिकाऱ्यांनी ‘छन’च म्हणायचं. गुलाम म्हणवून घेणं हा घरच्या माणसाचा मान होता!

आपला ‘नोकर’ मात्र उलट्या वाटेनं आला. मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे सोबती. फारसीतून मराठीत पोचेपर्यंत त्याची सोबत गेली, चाकरी उरली.

जपानमध्ये हेच अक्षर ‘शिन’ झालं. तिथे मंत्र्याला आजही ‘दाइजिन’ म्हणतात, त्यातही तेच अक्षर. लोकशाही राज्यघटना लागू होऊन पाच वर्षं झाली होती, तरी १९५२ मध्ये युवराजांच्या समारंभात पंतप्रधान शिगेरू योशिदा यांनी स्वतःचा उल्लेख ‘शिन शिगेरू’ असा केला. त्यावर टीका झाली.

अब्बांच्या शेवटच्या अर्जात मी ‘आज्ञाधारक सेवक’ गाळून नुसतं ‘आपला’ लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि दुसरा कागद पुढे सरकवला.