बंद खोलीची किल्ली

साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत एका विशिष्ट प्रकारच्या स्वस्त कादंबऱ्या भरपूर खपत. त्यांची मुखपृष्ठं शेजारी शेजारी मांडली, तर ती एकाच चित्रकारानं काढली असावीत असं वाटे. रात्रीची वेळ, मागे काळाकभिन्न वाडा, वरच्या मजल्यावर एकाच खिडकीत दिवा आणि पुढे मोकळ्या केसांनी धावत सुटलेली एक तरुणी. या कादंबऱ्यांना 'गॉथिक रोमान्स' म्हणतात. भयकथा आणि प्रेमकथा यांचा हा संसार दोनशेहून अधिक वर्षं सुखानं चालू आहे. समीक्षकांनी त्याला नाकं मुरडली, वडीलधाऱ्यांनी अशी पुस्तकं मुलींच्या हातून काढून घेतली. पण वाचक, त्यातही स्त्रिया, ती वाचतच राहिल्या.

पदरचे पैसे देऊन भीती विकत घ्यायची, हे कशासाठी? उत्तर भुतात सापडत नाही, आणि त्या देखण्या, तिरसट नायकातही नाही. माझ्या मते, ते वाड्यातल्या बंद खोलीत आहे.

ही खोली फार जुनी. फ्रान्समध्ये शार्ल पेरो यानं १६९७ साली निळ्या दाढीवाल्या श्रीमंताची गोष्ट छापली. तो नव्या बायकोच्या हाती घरभराच्या किल्ल्या देतो आणि बजावतो, 'ही एक छोटी खोली मात्र उघडायची नाही.' ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं! बायकांनी फार चौकशा करू नयेत, असं तात्पर्य या गोष्टीला चिकटवलं गेलं. पण खोली न उघडून तिचं काय भलं झालं असतं, सांगा बरं?

त्यानंतर शतकभरानं, १७९४ साली, अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' आली. पोरकी एमिली आत्याच्या आश्रयाला जाते. आत्या मोंतोनी नावाच्या माणसाशी लग्न करते आणि तो दोघींना इटलीच्या डोंगरातल्या किल्ल्यावर नेऊन ठेवतो. तिथं काळा पडदा आहे, चमत्कारिक आवाज आहेत. पण मोंतोनीला हवी असते ती आत्याची मालमत्ता. आत्या तिथंच मरते, मालमत्तेचा हक्क एमिलीकडे येतो आणि मग तो सहीसाठी तिच्या मागे लागतो. शेवटी रॅडक्लिफबाई सगळ्या चमत्कारांचा उलगडा करतात. पडद्यामागे मेणाचा पुतळा निघतो. भूत खोटं ठरतं, सही मागणारा माणूस मात्र खरा असतो.

त्या काळचा कायदा आठवा. इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोची रोकड आणि दागिने नवऱ्याचे होत, तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. हे चित्र बदललं ते १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. तोवर बाईनं लग्न करायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून किल्ली त्याच्या खिशात टाकायची! ही भीती घरात उघड बोलता येत नव्हती. कादंबरीनं तिला वाडा दिला, वारा दिला, जिना दिला.

१८४७ सालची शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' याच वाटेवरची. जेन वर्षाला ३० पौंड पगारावर थॉर्नफिल्डच्या वाड्यात शिकवायला येते. वरच्या मजल्यावरून विचित्र हसणं ऐकू येतं. लग्नाच्या दिवशी कळतं, की मालकाची पहिली बायको तिथं कोंडलेली आहे. तो विनवण्या करतो, जेनचंही त्याच्यावर प्रेम आहे. तरीही ती पहाटे उठून निघून जाते. परत येते ती काकाच्या वारशातले स्वतःचे ५ हजार पौंड गाठीशी असताना, आपल्या मर्जीनं. माझ्या लेखी साऱ्या कादंबरीचा जीव त्या पहाटेत आहे.

१९३८ च्या 'रिबेका'त तर खोलीची कडी नुसत्या आठवणींनी घातलेली असते. डॅफ्ने द्यू मॉरिएच्या नायिकेला नावच नाही. घरभर वावर आहे तो मेलेल्या पहिल्या बायकोचा आणि तिच्या एकनिष्ठ कारभारणीचा. तिच्यावरून हिंदीत १९६४ साली 'कोहरा' निघाला आणि त्यातली दाई साकारली आपल्या ललिता पवारांनी. 'आमच्याकडे असं नसतं हं' हे वाक्य नव्या घरात ऐकलेल्या सुनेला ही गोष्ट समजायला इंग्रजी यावं लागत नाही.

आता आक्षेप. या कादंबऱ्या धाक दाखवणाऱ्या पुरुषाला आकर्षक करतात, असं म्हणतात. आणि त्यात तथ्य आहे. २००५ मध्ये आलेल्या 'ट्वायलाइट'मधला रक्तपिपासू नायक नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपेत न्याहाळतो, आणि ते प्रेम म्हणून खपून जातं. सोळा वर्षांच्या मुलीनं त्यातून पाळत ठेवणं म्हणजेच काळजी घेणं असा अर्थ काढला, तर ते गंभीरच आहे.

पण या आक्षेपाला उत्तरही याच पुस्तकांच्या कुळातून आलं. जीन ऱ्हीस यांनी १९६६ मध्ये 'वाइड सार्गासो सी' लिहून कोंडलेल्या पहिल्या बायकोला स्वतःची कहाणी दिली. अलीकडे सारा जे. मास यांच्या अद्भुतकथांतही हेच दिसतं. २०१५ च्या पहिल्या पुस्तकात नायिका एका शापित सरदारावर भाळते. २०१६ च्या दुसऱ्या भागात तोच प्रियकर 'तुझ्या सुरक्षिततेसाठी' म्हणत तिला मंतरलेल्या वाड्यात बंद करतो. ती तिथून सुटते आणि ते प्रेम मागे टाकते. कुठलाही उपदेश न करता लाखो तरुण वाचकांपर्यंत ही गोष्ट पोचली.

तेव्हा घरातली मुलगी असं एखादं जाडजूड पुस्तक घेऊन रात्री जागत असेल, तर ते हिसकावून घेऊ नका. वाचून झालं की दोनच प्रश्न विचारा. त्या बंद खोलीत काय निघालं? आणि तिला घराबाहेर पडावंसं वाटलं, तेव्हा दार उघडं होतं का? उत्तर देता देता ती कदाचित पुस्तकापलीकडचंही काही बोलेल. ते मात्र मधे न बोलता ऐकून घ्या.